मला उर्दू येत नव्हती

मला उर्दू वाचता येत नाही, असं मी फौजेत पंधरा वर्षं सांगत आलो. साफ खोटं. निजामाच्या राज्यात औरंगाबादेत शिकलो, गणितसुद्धा उर्दूत. पोलीस ॲक्शननंतर भरती झालो. वडिलांना पहिलं पत्र लिहिलं तेही उर्दूतच, कारण मराठी लिहिताना माझ्या वेलांट्या घसरायच्या. ट्रेनिंगच्या उस्तादानं ते पत्र परेडसमोर धरलं.

"रझाकाराची औलाद."

सगळी परेड हसली. आठवडाभर माझ्या हाती रायफल नाही, लंगरची भांडी. भांडी मी आजही उत्तम घासतो.

त्या दिवसापासून मी उर्दू विसरलो. पुढं पलटणीत खरं ठाऊक होतं फक्त ट्रेनिंगमधल्या शेजारच्या बिछान्यावरच्या विष्णूला. तो माझ्याच भागातला, फुलंब्रीचा.

पासष्टच्या लढाईत मी हवालदार, विष्णू माझ्या हाताखाली नाईक. सरहद्दीजवळ आमची पोस्ट. सकाळी सात-चाळीसला गस्तीनं एक म्हातारा मेंढपाळ धरून आणला. पगडीत उर्दू चिठ्ठी सापडली होती. वायरलेसवर उत्तर आलं, "संशयित. आठच्या जीपनं मागं पाठवा. ओव्हर."

मागं नेलेल्यांचं पुढं काय होई, ते आम्हाला कोणी सांगत नसे.

सुभेदारसाहेबांनी विचारलं, "उर्दू कोणाला येते?"

मी बुटाची नाडी बांधू लागलो. ती बांधलेलीच होती.

म्हातारा म्हणाला, "साब, मैं तो पढ़वाने जा रहा था."

जवान हसले. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. मी दुसऱ्या बुटाची नाडी धरली.

"साहेब," विष्णू म्हणाला, "हवालदाराला येते."

चिठ्ठी मी वाचली. म्हाताऱ्याच्या मुलीला मुलगा झाला होता. ती अशक्त आहे, गूळ आणि तूप घेऊन या. बस, एवढंच. म्हाताऱ्यानं ते पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. जीप रिकामी गेली.

चौथ्या दिवशी दुपारी तीन-दहाला तोफेचा गोळा पडला. त्यात विष्णू गेला.

पुढं मी स्वतः उस्ताद झालो. एकाही रिक्रूटचं पत्र परेडसमोर आणलं नाही. भांडी मात्र घासायला लावली.

लढाईनंतरच्या पहिल्या सुट्टीत विष्णूची ट्रंक घेऊन फुलंब्रीला गेलो. त्याची आई ज्वारी निवडत होती. तिला बरं वाटावं म्हणून चिठ्ठीची सगळी गोष्ट सांगितली. तिनं सूप खाली ठेवलं.

"माझ्या लेकाला बोलावं लागलं व्हय?" ती म्हणाली. "वाचता तर तुला येत व्हतं."