बारा-तीनची लीना

गार्डन रीचच्या रेल्वे वसाहतीत लीना सोमण हे नाव घ्यायची गरज नसे. ‘बारा-तीन’ म्हटलं की पुरे. शंभर मीटर बारा पूर्णांक तीन सेकंदांत धावणारी, शशिकांत सोमणांची थोरली. ही वेळ शाळेच्या खेळांत खुद्द सोमणांनी स्टॉपवॉच हातात धरून घेतली होती, आणि रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्यातल्या माणसाने एकदा मोजलं की ते मोजलं, अशी त्यांची स्वतःबद्दल ठाम समजूत होती. सातवीपासून अकरावीपर्यंत लीना शाळेत पहिली आली. आसपासच्या शाळांच्या स्पर्धाही तिच्याच शाळेच्या मैदानावर होत, कारण दुसरीकडे तेवढी सरळ मोकळी जागा नव्हती. तिथेही पहिली तीच. दुसरी येणारी मुलगी इतकी मागे असायची की फीत तोडल्यावर लीना वळून तिची वाट बघत उभी राही.

कलकत्त्यातल्या मराठी माणसांना कौतुकाला निमित्त फार लागत नाही. मूठभर घरं, त्यात कुणाचा मुलगा नुसता पास झाला तरी पेढे सगळ्यांच्या घरी. एकोणसत्तर सालच्या गणपतीत मराठी मंडळाने लीनाचा सत्कार केला. शाल झाली, नारळ झाला. मग मंडळाचे सेक्रेटरी श्यामराव उठले. या गृहस्थांना आयुष्यात कुणी बससाठीसुद्धा धावताना पाहिलं नव्हतं, पण धावण्यावर ते वीस मिनिटं बोलले.

"यंदा कॉलेज, मग विद्यापीठाचा संघ, आणि मग देश! आता या मुलीला कोण अडवतंय ते बघूच," असं म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

टाळ्या पडल्या. लीना मान खाली घालून बसली होती, पण खरं सांगायचं तर तिला त्यात काही जास्तीचं वाटलं नाही. सतरा वर्षांच्या मुलीला का वाटावं? मोठमोठी माणसं सांगत होती.

पूजेची सुट्टी संपली आणि कॉलेजच्या मुलींचा सराव शहरातल्या मोठ्या मैदानावर सुरू झाला. बीरेनदा म्हणून एक बुटके, सदा पान चघळणारे प्रशिक्षक होते. पहिल्याच सकाळी त्यांनी सहा मुलींना एका रांगेत उभं केलं आणि शिट्टी वाजवली. लीना आपल्या नेहमीच्या झोकात सुटली. तिसाव्या पावलाला तिच्या लक्षात आलं की आपल्या पुढे पाठी दिसताहेत. पाठ कशी दिसते हे तिला माहीतच नव्हतं. हावड्याची मिनोती पाल नावाची एक काटकुळी मुलगी, पायात काही नाही, वेणीला साधी नाडी बांधलेली, तिच्यापुढे चार पावलं होती. मिनोतीच्या मागे, पण लीनाच्या पुढे, आणखी तिघी. लीना पाचवी आली.

बीरेनदांनी घड्याळ बघितलं. "तेरा-छय," ते म्हणाले. तेरा पूर्णांक सहा.

"सर, मेरा बारा-तीन है," लीना धापा टाकत म्हणाली. तिला वाटलं, घड्याळाचीच काहीतरी चूक असेल.

"इस्कूल का घड़ी ऐसा ही होता है," बीरेनदा हसले आणि बाजूला पान थुंकले. "चलो, आबार." म्हणजे पुन्हा.

त्या आठवड्यात तिला एकेकीची माहिती कळत गेली. मिनोती हावड्यात सहा वर्षं पहिली. ती दमदमची उंच मुलगीही शाळेत पहिली. खिदिरपूरची, बॅरकपूरची, सगळ्या आपापल्या शाळेत पहिल्या. प्रत्येकीच्या घरी पेले होते, प्रत्येकीच्या गल्लीत तिचं नाव होतं. मिनोतीचे वडील लेथवर काम करत आणि ती पहाटे पाणी भरून, भात टाकून, लाँचने नदी ओलांडून यायची. तिचा कधी सत्कार झाला नव्हता. लीनाला तिचा राग करायचा होता, पण ती पोरगी स्वतःच्या डब्यातलं अर्धं केळं पुढे करायची, त्यामुळे तेही जमेना.

नोव्हेंबरात सोमणांच्या बदलीची ऑर्डर आली. मार्चमध्ये नागपूर. घरात बसून ठरलं ते असं: लीनाची विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर तिने होस्टेलवर राहून इथेच शिकायचं. नाही झाली तर सगळ्यांबरोबर नागपूरला यायचं. तिथे लीनाच्या मामांनी एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा बँकेत, पत्रिका जुळत होती.

"तुला काय काळजी?" सोमण म्हणाले. "बारा-तीनवाली तू. निवड झाल्यातच जमा आहे."

तेरा-सहाची गोष्ट तिने घरी सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. सोमण आधी हसले, मग गंभीर झाले, मग चिडले.

"बारा-तीन मी स्वतः घेतलंय, लीना. शरीर तेच, पाय तेच. सुटतंय ते मन. कॉलेजात गेलीस आणि ढिली पडलीस!"

आईचं, विमलताईंचं, निदान वेगळं होतं. सत्काराच्या दिवशी सगळ्या बायका पोरीकडे टक लावून बघत होत्या, तेव्हाच माझ्या काळजात चर्र झालं होतं, असं म्हणून त्यांनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मग दर शनिवारी काढायला लागल्या. शतावरी सुरू झाली, अंडं घरात कधी शिजलं नव्हतं तेही शेजारच्या मद्रासी बाईंच्या स्टोव्हवर उकडून येऊ लागलं.

आणि लीना? ती बिचारी दोघांचंही खरं धरून बसली. आपल्यात काहीतरी होतं आणि ते गेलं, आपण ते हरवलं, एवढंच तिला दिसत होतं. पहाटे पहिल्या बसने मैदानावर जायचं, धुक्यात सगळ्यांच्या आधी दहा वेळा पळायचं. पोटऱ्या इतक्या दुखायच्या की कॉलेजचे जिने ती कठडा धरून चढे. तेरा-सहाचे तेरा-पाच झाले, मग तेरा-चार. बीरेनदा पाठीवर थाप मारून "भालो, भालो" म्हणत. तिला त्या थापेची लाज वाटायची. बारा-तीन धावलेल्या मुलीला तेरा-चारबद्दल शाबासकी, म्हणजे आजाऱ्याने दोन घास खाल्ले म्हणून घरच्यांनी खूश व्हावं तसंच. आरशात स्वतःचे पाय बघताना तिला त्यांची किळस येऊ लागली. आळशी, ढिली, वाया गेलेली, हे शब्द बाबांनी एकदा वापरले असतील. ती ते स्वतःला रोज ऐकवत होती.

चाचणी जानेवारीच्या मध्यावर ठरली होती. बंदमुळे ती दोनदा पुढे गेली आणि अखेर महिनाअखेरीस झाली. घ्यायच्या होत्या चौघी. सोमण रजा टाकून आले होते, स्वतःचं स्टॉपवॉच घेऊन. लीना जीव तोडून धावली. शेवटच्या दहा पावलांत तिला काही ऐकू येत नव्हतं, दिसत नव्हतं. मिनोती पहिली आली. लीना पाचवी, तेरा-दोन. चौथीचं आणि तिचं अंतर हातभरसुद्धा नव्हतं.

सोमणांनी घड्याळ खिशात टाकलं. बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. खिदिरपूरचा पूल गेल्यावर म्हणाले, "नऊ दशांश सेकंद. कुठे घालवलेस, काही कळत नाही." लीना घरी पोचेपर्यंत रडली, आणि घरी पोचल्यावर आई रडली.

फेब्रुवारीत सामानाची बांधाबांध सुरू झाली. त्याच सुमारास शाळेचे ड्रिल मास्तर चक्रवर्ती घरी आले. शाळेचे खेळ जवळ आले होते, मैदानावरच्या खुंट्या कुजल्या होत्या. साहेब जाण्याआधी एकदा नीट आखून देतील का? सोमणांना अशी कामं आवडत. ऑफिसातून पोलादी टेप आणून ते संध्याकाळी मैदानावर गेले. टेपचं दुसरं टोक धरायला लीनाला बरोबर नेलं. चक्रवर्ती मास्तर तिथे थांबलेच होते.

लीना सुरुवातीच्या खुंटीशी शून्य धरून उकिडवी बसली. सोमण टेप उलगडत शेवटच्या खुंटीपर्यंत गेले, वाकले, आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"ताण नीट!" ते ओरडले. तिने ताणला. "शून्यावर आहे ना?"

"आहे, बाबा."

त्यांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा एक्क्याण्णव मीटर आणि वर चव्वेचाळीस सेंटिमीटर.

"मास्टरजी, ये खूँटी किसने हिलाया?" सोमणांचा आवाज चढला होता.

चक्रवर्ती गोंधळले. "किसी ने नहीं, साहब. ये तो पहले से हंड्रेड यार्ड का है. तीन साल पहले मीटर का ऑर्डर आया, तब हम आपसे ही पूछे थे. आप बोले, थोड़ा-सा फरक है, बोर्ड बदल दो, चलेगा."

 सोमणांना आठवलं असावं, कारण ते टेप गुंडाळायला लागले आणि पत्र्याची धार बोटाला लागली तरी थांबले नाहीत.

लीना तिथेच उभी होती. तिला हिशोब करायला वेळ लागला नाही, गणितात ती बरी होती: पूर्ण शंभर मीटरला बारा-तीनचे जवळजवळ साडेतेरा झाले असते. म्हणजे काहीच हरवलं नव्हतं. ती ढिली पडली नव्हती, कुणाची दृष्ट लागली नव्हती. तेरा-दोन ही तिच्या आयुष्यातली सगळ्यात वेगवान धाव होती, आणि त्या धावेनंतर ती बसमध्ये तोंड लपवून रडत आली होती. क्षणभर तिला हलकं वाटलं. मग दुसरी गोष्ट लक्षात आली. बारा-तीन ती कधी धावलीच नव्हती. गेले तीन महिने सगळं हातातून जात असताना, आपण एकेकाळी वेगवान होतो एवढं तरी तिच्याजवळ उरलं होतं. आता तेही नव्हतं. ती पहिल्यापासून पाचवीच होती, फक्त इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "म्हणजे मी कमी नव्हते ना पडले?"

तिला एवढंच ऐकायचं होतं. एक ‘नाही’.

सोमणांनी रुमाल बोटाला गुंडाळला. लेकीकडे न बघता ते म्हणाले, "मंडळात कुणाला बोलू नकोस. पंधरा दिवस राहिलेत आपले. आणि मामांना मी बारा-तीन कळवलंय, त्यांनी ते मुलाकडच्यांना सांगितलंय. आता ते बदलायला नको."

चक्रवर्ती मास्तर नव्या खुंट्या घेऊन आले. सोमणांनी साडेआठ मीटर पुढे मोजून जागा दाखवली, आणि लीनाने खुंटी धरली, त्यांनी ठोकली.