पोफळीचा पुढचा खांदा

छातीवरून माझी नळी निघाली की ते सदऱ्याची गळ्यापर्यंतची बटणं लावत, टाचेला टाच भिडवत आणि म्हणत, "रिपोर्ट ऐकला, डॉक्टरसाहेब. हुकूम मानणार न्हाय."

मोठ्या लढाईवरून परतलेले हे हवालदार नागावात माझ्या दवाखान्यामागेच राहत. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि मी नुकताच डॉक्टर. पलटणीतून आलेल्यांचा रक्तदाब, त्यांच्या विड्या, झोपेतलं दचकणं बघून मी त्यांच्या काळजाचं भविष्य सांगायला लागलो होतो. हवालदारांना म्हटलं, "आज काही होणार नाही. पण असेच वागलात तर पंधराएक वर्षांत हे हृदय दगा देईल. विडी सोडा, खारं सुकट सोडा."

"मग भाकरी कशाशी खाऊ? तुमच्या सल्ल्याशी?"

असा हट्टी माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण आमचा खरा तंटा होळीचा. होळीसाठी तोडलेली पोफळ, म्हणजे सुपारीचं अख्खं झाड, खांद्यांवरून थेट माळावर न्यायची, वाटेत जमिनीला टेकू द्यायची नाही, ही गावाची रीत. जड बुंध्याखालचा पुढचा खांदा हवालदारांचा.

"तो खांदा आता सोडा," मी दरवर्षी सांगायचो.

"वादळ येणार म्हणून कोळी होडी फोडून चूल पेटवतो काय?"

वर्षं गेली. एका पौषात त्यांच्या छातीत कळ आली. विडी सुटली नव्हती, खांदाही सुटणार नव्हता. होळीला मी सरळ पोफळीच्या वाटेत उभा राहिलो. हवालदार घामाने डबडबले होते.

"हवालदार, मराल!"

"मरेन की. पन टेकवून न्हाय. सरका बाजूला."

मी सरकलो. पोफळ माळावर उभी राहिली. ते शेजारी बसून शहाळं प्यायले आणि माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्याचा मला राग आला आणि त्याच हसण्यावर माझा जीवही जडला.

पावसाळा सरता सरता दुपारच्या झोपेत ते गेले. माझा अंदाज खरा ठरला. बरोबर ठरल्याचा एवढा संताप मला पुन्हा कधी आला नाही.

पुढच्या होळीला पोफळ निघाली तेव्हा हवालदारांची पुढची जागा गावाने रिकामीच ठेवली होती. सगळा भार मागच्यांवर आला होता. हवालदारांच्या मुलाच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या.

"अरे, पुढे कोणीतरी लागा!" मी ओरडलो. "छातीवर ताण येतोय!"

मुलाने मान वळवली नाही. "रिपोर्ट ऐकला, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला.

पुढे कोणी लागलं नाही. पोफळही टेकली नाही.