रास्त्कोचं भूत आणि मागची खिडकी

नाचता येईना त्याला अंगण वाकडं, हे ठीकच. पण रास्त्कोला नाचायला सांगितलं असतं तर त्याने अख्खं वर्शाट्स गाव वाकडं ठरवलं असतं. दुकानांच्या पाट्या छापायच्या नोकरीवर त्याचं पोट चालायचं, जीव मात्र सगळा व्हिडिओ गेममध्ये. दर शरदात गावात गेम जॅम भरायचा. शुक्रवारी विषय सांगणार, रविवारी संध्याकाळच्या आत गेम बनवून जमा करायचा. रास्त्को दरवर्षी नाव द्यायचा आणि दरवर्षी अर्ध्यावर लटकायचा. एकदा वीज गेली, एकदा जोडीदार आळशी निघाला, एकदा विषयच भिकार होता. त्याची आई विदोसावा ही कारणं शेजारणींना अशी ठासून सांगायची की पोराला कुणी शब्द बोलायची सोय नव्हती. पोरगा चाळिशी ओलांडून गेला होता आणि पूर्ण झालेला एकही गेम त्याच्या नावावर नव्हता.

यंदा त्याच्याबरोबर मियोना होती. शाळेत चित्रकला शिकवायची, आणि शाळेतला आवाज घरी आली तरी खाली यायचा नाही.

“रास्त्को, गेल्या वर्षीही मी तुझ्यासाठी ढीगभर चित्रं काढली आणि ती कपाटात गेली,” ती म्हणाली. “यंदा गेम जमा झाला नाही ना, तर मी दुसऱ्या टोळीत जाणार. मग बस एकटाच तुझ्या प्रतिभेला कुरवाळत.”

“यंदा होणार म्हणजे होणार,” रास्त्को म्हणाला. हे तो दरवर्षीच म्हणायचा.

विषय निघाला हसवणाऱ्या भुताचा. दोघं रास्त्कोच्या घरी कामाला बसली, कारण त्याच्या लॅपटॉपचा पंखा मेला होता आणि दुरुस्तीला न्यायचं अर्थातच राहून गेलं होतं. रस्त्याकडची आणि अंगणाकडची, अशा समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवल्या आणि मधे टेबल मांडलं, तरच ते यंत्र धड चालायचं. दोन्ही खिडक्या! घरातून आरपार वारा! आमच्याकडे या वाऱ्याला प्रोमाया म्हणतात, आणि रस्त्यावरच्या ट्रकला भीत नाहीत एवढं लोक त्याला भितात. मान धरते, दात ठणकतात, मूत्रपिंडं जातात, सगळं त्याच्यानेच.

शनिवार भुतानेच खाल्ला. रास्त्कोच्या भुताला साखळदंड होते, लाल डोळे होते, खर्जातलं हसू होतं. भिंतीतून आरपार जायला ते बरोबर शिकलं, पण जमिनीवर उभं राहीना. सुरू केलं की सरळ फरशीतून खाली जायचं आणि दिसेनासं व्हायचं.

“भूत आहे की विहिरीतला पोहरा?” मियोना म्हणाली.

“थांब गं! होतंय.”

“आणि उभं राहिलं तरी हसू कुठे येतंय? मला तर त्याची कीव येते.”

रास्त्कोने दात खाल्ले. एक चूक काढली की दुसऱ्या दोन निघत होत्या. दुपारी कुठे ते भूत पायांवर ठरलं. तेवढ्यात विदोसावाबाई पिता, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची भाजणी पोळी, घेऊन आत आल्या, थाळी ठेवली, कपाळाला हात लावला आणि बोलता बोलता अंगणाकडची मागची खिडकी लावून गेल्या. दोघांचं लक्ष थाळीकडे. थोड्या वेळाने लॅपटॉप तापला, काळा पडला, आणि न साठवलेलं सगळं काम घेऊन मेला.

रास्त्कोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आई! खिडकी! किती वेळा सांगितलं!”

“ओरडू नकोस. तुझ्या बापाला कशानं नेलं?”

“हृदयविकारानं!”

“ते डॉक्टर म्हणाले. आधी मानेला प्रोमाया लागली, मग हृदय. तुम्हाला काय कळतंय?”

मियोना हसायला लागली ती थांबेचना. खुर्चीवरून घसरली, डोळ्यांतून पाणी आलं. “हाच!” ती ओरडली. “हाच आपला गेम! साखळदंड फेक. भूत फक्त खिडक्या उघडणार!”

“म्हणजे माझं एवढं काम फुकट?”

“फुकटच होतं रे ते!”

रास्त्को तासभर फुगून बसला, पण मग कामाला लागला, आणि काम झपाझप झालं. भूत हळूच एक खिडकी उघडतं, खुर्चीतली आजी धावत येऊन लावते. तिला चुकवून समोरासमोरच्या दोन उघडल्या की घरातले सगळे मान आणि कंबर धरून बोंबलत रस्त्यावर. रास्त्कोने तो खेळून पाहिला आणि स्वतःच्या गेमवर तो पहिल्यांदाच हसला.

रविवारी जेवणापर्यंत गेम तयार होता.

“कर जमा,” मियोना म्हणाली.

“भुताच्या खिडकीचा पडदा नीट हलत नाहीये.”

“पडद्याला कोण बघतंय? आत्ता कर, नंतर सुधार.”

“अर्धवट देऊ? माझ्या नावानं?”

त्या पडद्यात त्याने आख्खी दुपार घातली. मियोनाने डोकं धरलं. बाहेर कोशावा सुटली होती. तो वारा आमच्या गावात शिरला की दारं-खिडक्या दिवसभर आपटतात. मियोना विदोसावाबाईंकडे गेली आणि हात जोडून म्हणाली, “मावशी, आजचा एक दिवस खिडकीला हात लावू नका. तुमच्या पोराची शपथ.”

बाईंनी छातीवर क्रूस काढला. डोक्याला रुमाल बांधला, कानांत कापूस घातला, कमरेला लोकरीची शाल गुंडाळली आणि आयवारच्या चटणीसाठी भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्या सोलायला अंगणात जाऊन बसल्या. खिडकीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

वेळ संपत आली तेव्हा कुठे रास्त्कोने गेम पाठवायला घेतला. स्क्रीनवर हिरवी रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत होती. “मी जॅमवाल्यांना फोन करून सांगते, गेम येतोय म्हणून,” असं म्हणत मियोना बाहेर अंगणात गेली. रास्त्को घामाने भिजला होता. कोशावाचा एक झोत मागच्या खिडकीतून आला आणि त्याच्या ओल्या मानेवर बसला. तो उठला, खिडकी लावली, कडी घातली आणि परत येऊन रेघेकडे बघत बसला.

रेघ पाऊणच्या पुढे गेली होती. मग स्क्रीन काळी झाली.

त्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, लॅपटॉपवर थापा मारल्या. इस्त्रीसारखा तापला होता तो. ढिम्म हलेना. तेव्हा त्याने मान वळवली, खिडकी पाहिली, आणि आपण काय केलं ते त्याला आठवलं. गावातल्या चर्चची घंटा वाजायला लागली. वेळ संपली होती.

“झाला?” मियोना दारात आली. तिने काळी स्क्रीन पाहिली, मग खिडकी. “खिडकी कुणी लावली? अरे, कुणी लावली ही खिडकी?”

रास्त्को बटण दाबतच राहिला. मियोनाच्या मागे विदोसावाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. कानातला कापूस त्यांनी काढला. खिडकीकडे पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडे.

“मी लावली,” त्या म्हणाल्या. “राहवलं नाही बाई. म्हातारीला काय कळतंय.”

“हिला हजारदा सांगितलं होतं,” रास्त्को खाली बघत पुटपुटला.

मियोनाने बाईंच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत ते मिरच्यांनी लाल झाले होते. खिडकीची पांढरी कडी स्वच्छ होती. टेबलावरची आपली चित्रं तिने एकेक करून गोळा केली, पिशवीत घातली, आणि बाईंच्या गालाचा मुका घेऊन निघून गेली.