गज्याच्या चाकूची ट्रायल

पोस्टवर सगळ्यांची सकाळ शिट्टीनं होये, गजाननची चाकूनं. शिट्टी वाजायच्या आधी तो खाटेवर बसून चाकूले तेल लावे. पहिले चाकूले, मंग डोक्याले. तेल एकच.

लान्स नायक गजानन, गाव अमडापूर. मी शिपाई सचिन, जळगाव जामोदचा. पोस्ट ईशान्येकडच्या डोंगरात, खाली नाला, वर ढग. सेक्शनमध्ये बुलढाण्याचे आम्ही दोघंच होतो, म्हणून गज्याचं सगळं बोलणं मलेच आयकावं लागे. अन् सगळं बोलणं म्हणजे तो चाकू.

सुट्टीवर गेला होता तवा त्यानं तो ऑनलाईन मागवला होता. लांबी मनगटापासून कोपरापर्यंत. पाठीवर करवतीचे दात. मूठ पोकळ, तिच्यात मासे पकडायचा गळ, दोरा, काड्या, अन् टोपणात होकायंत्र.

"जंगलात एकटा पडलो ना सच्या, तं ह्या एका चाकूवर महिना काढीन."

"जंगलात कायले पडशीन बे? लंगरले जेवाले जाता जाता?"

"तुले नाही समजत. हे सर्व्हायव्हल आहे."

दिवसातून तीनदा हे 'तुले नाही समजत'. डोकं फिरून जाये.

आमचे सुभेदार साहेब उत्तरेकडचे. दोन गोष्टी त्यांना खपत नसत. एक, वाढलेली दाढी. दुसरी, वायरलेसवर बोलणं संपल्यावर 'ओव्हर' न म्हणणं. मी एकदा विसरलो. रायफल डोक्यावर धरून ग्राउंडले चकरा, अन् दर चकरेले बेंबीच्या देठापासून 'ओव्हर'. तवापासून मी साहेबाची नक्कल करायले लागलो. हनुवटी वर, आवाज नाकातून, शेवटी असा लांबलचक 'ओव्हर' की समोरच्याची बॅटरी उतरून जावी. साहेबाले माहीत होतं. एकदा दाराआडून पूर्ण आयकलं अन् म्हणाले, "मेरी आवाज़ इतनी पतली नहीं है." मंग चकरा.

एका रविवारी त्यांची नजर गज्याच्या कमरेवर गेली.

"यह तलवार किसकी है?"

"साहब, सर्व्हायव्हल नाइफ है."

"अच्छा. क्या करता है?"

"साहब, सब करता है."

इथंच चुकलं. फौजेत कोनतीही वस्तू 'सब करता है' म्हटली की तिची ट्रायल होते. सेक्शन फॉल-इन झालं. पहिले होकायंत्र. त्याची उत्तर दिशा निघाली आमच्या भांडी घासायच्या नळाकडे. साहेब म्हणाले, "इस हिसाब से दुश्मन लंगर में बैठा है." मंग झाडाची फांदी तोडायले लावली. चार घावांत मूठ खुळखुळ्यासारखी वाजायले लागली, अन् आतले गळ-दोरे बाहेर. मंग चाकूसोबत आलेल्या सळईवर घासून ठिणगी पाडायची. ठिणगी पडे, काडी पेटेना. घासून घासून गज्याचा घाम त्याच काडीवर पडला.

"ट्रायल फेल," साहेब म्हणाले. "चाकू बक्से में. आदमी लंगर में, आलू छीलेगा. इस चाकू से नहीं."

"साहब, लकड़ी गीली थी."

"दो बोरी."

बटाटे सोलायले सोबत मीही, कारण मी हासलो होतो. पूर्ण दोन बोऱ्या होईस्तोवर गज्या मले सांगून राह्यला की लाकूड कसं ओलं होतं.

त्याच पावसाळ्यात गजानन गेला. नाल्यावर, ड्युटीवर. त्याचा काळा बक्सा अमडापूरले आला, अन् बक्शात तो चाकू. नंतर माही चार वर्षांची नोकरी संपली अन् मी जळगावले परत आलो. गावात आता कोनाकडं साप निघाला, कोनाची मोटर विहिरीत पडली, की मलेच बोलावतात. "तुम्ही फौजी आहा ना." फौजेत मोटर काढायले शिकवत नाहीत, हे सांगून सांगून मी दमलो.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गज्याच्या वडिलांचा फोन आला. मी त्याहिले काका म्हणतो.

"उद्या सकाळच्या गाडीनं ये. तुह्या दोस्ताच्या चाकूचं काय करायचं ते पाहू."

"काय करायचं म्हणजे?"

"एक तं पूजेत, नाही तं भंगारात. बक्सा उघडला का डोळ्यात खुपते."

ह्या घरची एक रीत आहे. खंडेनवमीले शेतातली औजारं धुवून पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडूची फुलं वाहतात. पण ज्या औजारानं एक तरी काम पुरं केलं, तेच पाटावर बसते. नवा विळा आणला तरी पहिले त्याले शेतात नेतात, एक ओळ पुरी कापतात, मंग पूजा. काकाच्या वडिलांपासूनचं आहे. म्हणून मले बोलावलं होतं. चाकूकडून एक काम पुरं करून घ्यायचं, तेही पूजेच्या आधी.

मी पोचलो तवा अंगणात काका कानस घेऊन बसले होते. समोर विळे, कुऱ्हाड, पावडं, वखराची पास, सगळं धुतलेलं. चाकू मांडीवर. पात्याच्या धारेले टोकाजवळ एक खाच आहे, ती घासून काढायच्या तयारीत.

"पाह्य, कंपनीचाच माल असा," काका म्हणे. "वापरला नाही तं खाच कुठून आली?"

"राहू द्या काका," मी म्हटलं. "डिझाईन असन. तेवढ्यासाठीच जास्तीचे घेतले असतीन."

काका हासले अन् कानस खाली ठेवली. मले तेवढंच पाहिजे होतं.

शेजारचा दिल्या कुंपणावरून आला. हातात मोबाईल. "भाऊ, झाडाले फेकून मारा ना. रील बनवतो."

"फेकून मारला का हातात काय राह्यते?"

"काय राह्यते?"

"काही नाही. म्हणून नाही फेकत."

पहिलं काम, बाभळीचं ओंडकं फोडायचं. चाकू ओंडक्यावर ठेवायचा अन् पाठीवर दुसऱ्या लाकडानं ठोकायचा. ठोकला. अर्धा आत गेला अन् बसला. वरही येईना, खालीही जाईना. मी ओढला, दिल्यानं ओढला, मंग मी पाय देऊन ओढला. ओंडकं चाकूसकट अंगणभर फिरलं. शेवटी काकानं कुऱ्हाडीचा एक घाव बाजूले घातला, ओंडकं उकललं, चाकू निघाला.

"हे कोनी केलं?" काकानं विचारलं.

"कुऱ्हाडीनं."

"मंग नाही धरत."

दुसरं, गोऱ्ह्यासाठी खुंटी. पाठीचे करवतीचे दात लाकडात दोनदा फिरले अन् भुशानं भरून गेले. मी पाण्यानं धुऊ, पुन्हा घासू. दिल्या शूटिंग करता करता जांभया देऊन राह्यला. खुंटी झाली, पण तिचं टोक इतलं बोथट की जमिनीत जायच्या ऐवजी जमीनच तिले पाहून हासली असती.

"ही खुंटी आहे?" काका.

"हाव."

"गोऱ्ह्याले विचार."

तिसरं, त्या खुंटीसाठी खड्डा. आमची काळी माती पावसानंतर कशी चिकट राह्यते ते इथल्या माणसाले सांगायले नको. चार वेळा खुपसला तं पात्यावर पुरणासारखा लेप चढला. चाकू जड झाला, खड्डा तेवढाच. त्यात मूठ ढिली झाली, टोपण उडालं अन् होकायंत्र कोंबड्यांमध्ये जाऊन पडलं. एका कोंबडीनं चोच मारून पायलं, अन् सोडून देलं.

"भाऊ, कोंबडीही नाही म्हणते," दिल्या म्हणाला.

आता मले गज्याचाच राग यायले लागला. माणूस गेला तरी त्याच्या चाकूनं मले घाम फोडला होता. समोर असता तं त्यानं काय म्हटलं असतं हेही मले माहीत होतं. माती ओली आहे. तुले नाही समजत.

काकू दारात आल्या. "फुलं सुकून चालले. पूजेचं पाहा."

काकानं चाकू माझ्या हातातून घेतला. पुसला. अंगणाच्या कोपऱ्यात भंगारचं पोतं होतं, त्याच्याकडं चालले.

"पोराचा असला म्हणून का झालं," ते म्हणाले. "निकम्मी वस्तू पूजेत नाही ठेवता येत. त्यालेही आवडलं नसतं."

ह्या घरी मी दर खेपेले येतो, साहेबाची नक्कल करतो, काका हासतात, मी चहा पिऊन निघून जातो. बक्सा आला तवा सोबत आलेल्या अधिकाऱ्यांनी काय झालं ते सांगतलं होतं. नाला, गाडी, कर्तव्य. चाकूचं त्याहिले माहीत नव्हतं. पुढं काकानं विचारलं नाही अन् मी सांगतलं नाही.

"काका, थांबा," मी म्हटलं. "ती खाच कंपनीची नाही."

दिल्यानं मोबाईल खिशात टाकला. मी बोललो ते असं.

सकाळी वायरलेस सेटवर कॉल आला. राशनची गाडी रस्ता खचून नाल्यात उतरली. आम्ही पाच जण निघालो. नायक साहेब पुढं, गज्या मधात, मी शेवटी, सेट पाठीवर. पाऊस चालूच. गाडी एका कुशीवर पडली होती. ड्रायव्हर केबिनमधून बाहेर पडला होता, पण त्याचा पाय ताडपत्रीच्या दोरात गुंतलेला. दोर गाडीच्या लोखंडी हुकाले ताणलेला. पाणी त्याच्या कमरेले. सेटवर पोस्टवरून साहेबाचा आवाज आला.

"टायगर टू फॉर टायगर. सिच्युएशन बताओ. ओव्हर."

"टायगर टू. ड्राइवर ज़िंदा है. पैर रस्सी में फँसा है. पानी चढ़ रहा है. ओव्हर."

"रस्सी काटो. जल्दी. ओव्हर."

दोर भिजून फुगला होता. संगीन टोचायले असते, तिले कापायची धार नसते. नायक साहेबानं आमच्याकडं पायलं. गज्यानं जाकिटाखालून चाकू काढला. हुकूम बक्शात ठेवायचा होता.

"यह बक्से में था ना?" नायक साहेब.

"साहब, चालान बाद में."

कमरेले दोर बांधून तो खाली उतरला. पहिले धारेनं कापून पायलं, मंग करवतीच्या दातांनी. शेवटी दोर जिथं हुकावर ताणला होता तिथं घाव घालायले लागला. एक घाव लोखंडावर बसला. वरपर्यंत आवाज आला. ही खाच त्या घावाची. पुढच्या घावाले दोर तुटला.

ड्रायव्हरले उभं राहता येईना. गज्यानं स्वतःच्या कमरेचा दोर सोडला अन् त्याले बांधला. गाठ मारायले दोन हात लागतात, म्हणून चाकू त्याच्या हातात देला. "पकड़. गिराना मत, मेरा है." मंग वर पाहून मले ओरडला, "सच्या! साहेबाले सांग, ट्रायल पास!"

आम्ही ड्रायव्हरले ओढून घेतलं. दोर सोडवला, पुन्हा खाली टाकला. गज्यानं हात वर केला. त्याच वेळी वरून दरड आली. गाडी गेली, अन् तो गेला.

मी सेट उचलला.

"टायगर फॉर टायगर टू. ड्राइवर बाहर. एक जवान मिसिंग. ओव्हर."

"कौन?"

एवढंच. ओव्हर नाही. साहेबाचं सगळं मले येते. चालणं, खोकणं, आई-बहिणीवरून सुरू करून मधातच थांबणं. ते 'कौन' म्या कधी करून दाखवलं नाही.

ड्रायव्हरच्या मुठीतून चाकू सोडवायले दोघं लागले.

मी थांबलो. काका पोत्याजवळ उभेच होते, चाकूच्या खाचेवर अंगठा फिरवत.

"तो ड्रायव्हर?" त्याहिनं विचारलं.

"घरी आहे. राजस्थानकडचा. थोडा लंगडते."

"चालते ना?"

"चालते."

"मंग काम पुरं झालं."

ते परत आले. कानस उचलून आत ठेवून देली. चाकू हौदावर धुतला, दातांमधली माती काडीनं काढली, धोतराच्या सोग्यानं पुसला अन् पाटावर ठेवला, कुऱ्हाड अन् विळ्याच्या मधात. सगळ्या औजारांना काकूंनी कुंकू पात्याच्या मधोमध लावलं. चाकूले खाचेत लावलं.

तिथंही तो सरळ बसला नाही. मूठ गोल, पाट जरासा उतरता. घरंगळला अन् विळ्यावर टणकन आपटला. काकानं सरळ केला. पुन्हा घरंगळला. दिल्या म्हणाला, खडा लावा. मी होकायंत्राचं टोपण खाली सारून पायलं, तं तेही घरंगळलं. पूजा थांबलेली, फुलं सुकून राह्यलेली, अन् आम्ही तिघं त्या एका चाकूले धरून बसलेलो.

"सरका," काकू म्हणाल्या. पदरातले मूठभर गहू त्याहिनं मुठीखाली दोन्ही बाजूंनी दाबले. "लहानपनीही एका जागी बसेच नाही. असंच धरून बसवा लागे."

हात त्याहिनं लवकर काढला नाही. मंग काढला. चाकू हालला नाही.