रीत नसलेला पेपर

"सरळ कॉपी आहे. शून्य द्या आणि शाळेला कळवा," असं म्हणत मुख्य परीक्षकांनी पेपर माझ्यापुढे सरकवला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीत शाळांची गणित स्पर्धा होती आणि मी पेपर तपासत होतो. तासगावकडच्या मंगल नावाच्या नववीतल्या मुलीची दहाही उत्तरं बरोबर होती. पण रीत एकाही गणिताला नाही. रीत म्हणजे उत्तरापर्यंत पोचायच्या पायऱ्या. निम्मे मार्क त्यांचेच. रफ कामाचे कागदही कोरे करकरीत. कॉपीचा शिक्का बसला की पोरगी स्पर्धेतून कायमची बाद.

"सर, दहाही उत्तरं दुसऱ्या कुणाचीच बरोबर नाहीत. मग हिनं कॉपी केली कुणाची?"

"बोलवा तिला. खात्री करा."

दोन दिवसांनी ती वडिलांबरोबर आली. मी विचारलं, "रीत कुठंय?"

"पुसली की."

तिनं पिशवीतून पाटी काढली. वडील म्हणाले, "आवं सर, कागद नासायचा न्हाई, असं मीच सांगितलंय तिला. घरी समदं पाटीवरच करती."

परीक्षेच्या हॉलमध्ये पाटीला कुणी हरकत घेतली नव्हती. पाटीला कोण हरकत घेणार?

मी नवं गणित घातलं. वीस कोपऱ्यांच्या आकृतीत कर्ण किती? कर्ण म्हणजे शेजारी नसलेले दोन कोपरे जोडणारी रेघ. वाटलं, ही डोळे मिटून उत्तर सांगणार. छे! तिनं आकृती काढली, गोंधळली, पुसली. एका कोपऱ्यातून सतरा रेघा, कोपरे वीस, म्हणून ३४० लिहिलं. मग साधा चौकोन काढून तीच रीत लावून पाहिली. उत्तर आलं चार. कर्ण तर दोनच.

"परत्येक रेघ दोनदा मोजली जातीया," ती पुटपुटली. पुन्हा सगळं पुसलं आणि १७० लिहिलं.

"कॉपी नाही," मुख्य परीक्षक म्हणाले. हे गणित पहिल्यांदा सोडवताना मी तर ३४० वरच खूश झालो होतो.

शिक्का टळला. रीतीचे मार्क मात्र नियमाप्रमाणे मिळाले नाहीत. तरी नुसत्या उत्तरांवर ती तिसरी आली आणि पुढच्या फेरीला पुण्याला गेली. मला फार आनंद झाला.

तेव्हापासून पेपर हातात आला की मी आधी खाडाखोड वाचतो. बरोबर उत्तर काय, गाईडातही असतं.