वहिनी बॅटऱ्या उबवते

थंडीच्या दिवसांत घराबाहेर पडताना लोक एकमेकांना विचारतात, "रुमाल घेतला का? किल्ली घेतली का?" आमच्या घरी वहिनी दारात उभी राहून विचारते, "भावजी, पोटाशी घेतलीत ना?" नव्या पाहुण्याला हा प्रश्न ऐकून घाम फुटतो. बाहेर नळातलं पाणी गोठलेलं असताना घाम फुटणं ही काही साधी गोष्ट नाही.

पोटाशी घ्यायची असते ती ड्रोनची बॅटरी. वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, ड्रोन उडवते. व्यवसायाने ती फोटोग्राफर. लग्नं, वाढदिवस, शाळांची स्नेहसंमेलनं हे तिचं मूळ राज्य. संकोच नावाची वस्तू तिला द्यायची देव विसरला आणि तिनेही कधी आठवण करून दिली नाही. लग्नात ती नवरदेवाच्या बापालासुद्धा "काका, पोट आत!" असं सगळ्यांदेखत सांगते, आणि काका निमूटपणे आत घेतात.

चार पंख्यांचा तो ड्रोन तिने हौसेने घेतला आणि त्याच थंडीत एका लग्नात उडवला. बॅटरी रात्रभर गाडीच्या मागच्या सीटवर पडून होती, गारठून दगड झालेली. हे तिला ठाऊक होतं, पण त्यात काही बिघडतं हे ठाऊक नव्हतं. ड्रोन दिमाखात वर गेला. सगळं वऱ्हाड माना वर करून हात हलवू लागलं. आणि हात हलत असतानाच ड्रोनने जीव सोडला. मांडवाच्या छतावर आपटून, घरंगळत, तो बर्फाच्या ढिगाऱ्यात तोंड खुपसून बसला. नवरदेवाची आत्या म्हणाली, "आता अंडी घालतंय का गं हे?"

दुसरी कुणी असती तर तिने ड्रोन विकून टाकला असता. वहिनीने आत्याबाईंचं बोलणं मनावर घेतलं आणि खरंच उबवायला सुरुवात केली. थंडीने बॅटरीची ताकद आतल्या आत आखडते, वरून भरलेली दिसली तरी ऐन वेळी पाय गळतात, हे तिने विचारून, वाचून आणि परसदारी पडत-झडत शिकून घेतलं. मग घरातली सगळी उष्णता तिने सरकारजमा केली. एक बॅटरी तिच्या स्वेटरच्या आत, एक सासऱ्यांच्या बंडीच्या खिशात, आणि एक माझ्याकडे. "भावजींच्या पोटाला घेर आहे, ऊब टिकते," असं तिने चारचौघांत सांगितलं. इतक्या वर्षांत माझ्या पोटाचं कुणीतरी पहिल्यांदाच कौतुक केलं, म्हणून मी गप्प बसलो.

बाबांनी एकदा मदत म्हणून बॅटरी थेट हीटरवर ठेवली होती. वहिनी स्वयंपाकघरातून अशी धावत आली की मला वाटलं आग लागली.

"बाबा! तो काय मोजा आहे वाळत घालायला? भडकली असती म्हणजे!"

"अगं सूनबाई, लवकर गरम होईल म्हणून..."

"तुमच्या अंगाला जेवढी ऊब सोसते तेवढीच तिला द्यायची. त्याच्यापुढे नाही."

तेव्हापासून बाबा बॅटरीला नातवंडासारखं सांभाळतात. नातवंडासारखंच तिला घेऊन मिरवतातही. या दुसऱ्या सवयीने पुढे काय केलं, ते सांगायचंच आहे.

दादा वीज खात्यात लाइनमन. ताडमाड उंच म्हणून टोळीतले लोक त्याला जिराफ म्हणतात. गेल्या थंडीत तो एका टॉवरवर चढत असताना वरून बर्फाचा गोळा सुटला आणि खांद्यावर बसला. कमरपट्टा होता म्हणून माणूस राहिला. हात मात्र कितीतरी महिने गळ्यात अडकवलेला. त्या काळात वहिनी रोज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावायची, आणि एरवी जिचं तोंड मिटत नाही ती बटणं लावताना एक शब्द बोलायची नाही.

यंदा वादळानंतर दरीपलीकडच्या वस्तीची वीज गेली. दोष कड्यावरच्या टॉवरवर होता, पण तारा धरणाऱ्या आडव्या हातावर बर्फ कुठे, किती लटकलंय, ते खालून दिसत नव्हतं. टोळीच्या मुकादमाने वहिनीला फोन केला. "वहिनी, तुमचं विमान वर जाऊन बघून येईल का? आलं तर उत्तम. नाही जमलं तर जिराफ चढेलच."

"नाही जमलं तर" हे तीन शब्द वहिनीने जेवताना दोनदा म्हणून दाखवले. चपराक बसावी तसे.

सकाळी आम्ही, बंडीत बॅटरी घेतलेल्या बाबांसकट, कड्यावर पोचलो. आकाश लख्ख, वारा नावापुरता, आणि थंडी अशी की मिशीवर श्वास गोठावा. लाइनमधला प्रवाह बंद करून तारा जमिनीला जोडून ठेवल्या होत्या. वहिनीने बर्फावर पायपुसणं अंथरलं. उडताना पात्यांनी भुरभुरीत बर्फ उडून ड्रोनच्या मोटरीत जाऊ नये म्हणून. हातमोज्यांची अंगठ्याची टोकं तिने कात्रीने उडवलेली. मला तिने बाजूला उभं केलं. "भावजी, माझी नजर पडद्यावर. तुमची ड्रोनवर. तार, पक्षी, धुकं, काहीही दिसलं की ओरडायचं. विनोद करायचे नाहीत."

माझ्या पोटाशी उबवलेली बॅटरी आत गेली. ड्रोन उठला आणि माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर थांबून नुसताच गुणगुणत राहिला.

"अडकलं का काय?" मुकादमाने विचारलं.

"अंग गरम करतोय. तुम्ही उठल्या उठल्या धावता का?"

मुकादमाकडे पाहता तो उठल्या उठल्या चालतही नसावा. त्याने मान्य केलं.

मग ड्रोन सावकाश वर निघाला. तारांपासून लांब, टॉवरला वळसा घालत. पडद्यावर लोखंडाचे पहिले आडवे हात दिसू लागले. तेवढ्यात दरीतून पांढरा धूर उठावा तसं धुकं वर येताना मला दिसलं.

"वहिनी, धुकं!"

तिने पुढचं काही ऐकलं नाही. ड्रोन सरळ परत.

"अहो वहिनी, अजून दोन मिनिटं! टोक येतच होतं!" मुकादम कळवळला.

वहिनीने पाती थांबल्यावर एकेकाच्या कडेवरून नख फिरवलं आणि नख त्याच्यापुढे धरलं. नखावर बर्फाचा बारीक चुरा होता. "एवढं बसलं ते नुसत्या धुक्याच्या काठावर. आत गेलं असतं तर पाती जड होऊन खाली आलं असतं. तेही थेट तुमच्या डोक्यावर, आणि त्याला ही टोपी पुरली नसती."

आता धुकं जाईपर्यंत थांबणं आलं. आणि इथेच दादाने पट्टा आवळला.

"मी चढतो. तिकडे घरात लोक कुडकुडतायत."

"खाली बसा."

"अगं, रोजचं काम आहे माझं."

"मागच्या वर्षीही रोजचंच होतं."

सगळी टोळी एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागली. नवरा-बायकोच्या भांडणात बुटांसारखा आधार नाही. दादा शिडीकडे निघाला. मुकादम कुणाच्या बाजूने बोलावं ते ठरवत उभा राहिला, आणि मुकादमाचं ठरेपर्यंत माणूस चढून उतरतो.

"बाबा, तुमची बॅटरी द्या," वहिनी म्हणाली. "धुकं हटलं की लगेच लावायची."

बाबांनी बंडीत हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. मग त्यांचा चेहरा पडला.

बॅटरी टोळीत होती. बाबांनी "ही आमच्या सूनबाईची" म्हणून ती टोळीच्या ड्रायव्हरला दाखवली होती. त्याने शेजारच्याला दिली, त्याने वजन करून पाहिलं, पुढच्याने उलटी करून वाचली, आणि अभिमानाची ती वरात हातोहात फिरून शेवटी एका उघड्या लोखंडी पेटीवर विसावली होती. वहिनीने ती गालाला लावली. बर्फ.

"बाबा," ती म्हणाली, "माझं कौतुक करून करून तुम्ही ती थंड केलीत."

म्हातारा एवढासा झाला. मला वाटलं, आता वहिनीच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. ती तडक शिडीपाशी गेली आणि दादाच्या जाकिटाची चेन खाली ओढून बॅटरी त्याच्या काखेत खुपसली.

"आई गं! अगं, गार आहे!"

"म्हणूनच. आता गाडीत जाऊन बसा. हात घट्ट दाबून. तो हात उचलायचा नाही. उचलला की ऊब गेली, आणि ऊब गेली की ड्रोन वर जाणार नाही."

"आणि मी चढू कसा?"

"तेच म्हणतेय."

सहा फुटी जिराफ, काखेत अंडं धरल्यासारखा, गाडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसला. मुकादम इतका हसला की त्याला खोकला लागला. बाबांनी हळूच मुलाच्या गुडघ्यांवर घोंगडी टाकली आणि स्वतः गाडीच्या दाराला टेकून पहारा देऊ लागले. थर्मासमधला चहा फिरला. दादाला एका हाताने प्यावा लागला.

खरं तर तिच्या स्वेटरात तिसरी बॅटरी होती. गरम, तयार. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि आमच्या दोघांत जो एक डोळा मिचकावला गेला त्याचा साक्षीदार नव्हता.

धुकं आलं तसं विरळ होऊन दरीत उतरलं. पात्यांची कड तिने पुन्हा पुसली, पुन्हा नखाने तपासली, आणि स्वेटरातली बॅटरी लावली. गाडीच्या काचेतून दादाचा "अगं!" ऐकू आला. तो आम्ही वाऱ्यावर सोडला. पुन्हा तेच डोक्याएवढं गुणगुणणं, पुन्हा तोच सावकाश वळसा. या वेळी ड्रोन टोकाशी पोचला.

पडद्याभोवती आम्ही सगळे वाकलो. सगळ्यात वरच्या हाताच्या खाली, बरोबर शिडीच्या माथ्यावर, बर्फाची एक लांबलचक, भाल्यासारखी टोकदार सुळी लटकत होती. खालून ती लोखंडाच्या सावलीत लपलेली. तिच्या मुळाशी फट दिसत होती. तार टांगायची चिनीमातीच्या चकत्यांची माळही त्याच बाजूला तुटून एका कडीवर लोंबत होती. दोष तिथेच होता, आणि तिथे जायची वाट त्या सुळीखालून होती.

 मुकादमाने टोपी काढली, थंडी आठवली, परत घातली.

निम्मी बॅटरी शिल्लक असतानाच वहिनीने ड्रोन उतरवला. "अजून आहे की," कुणीतरी म्हणालं. "ती परतीची," ती म्हणाली.

मग टोळीने दुसऱ्या अंगाने, उन्हाच्या बाजूने चढायचं ठरवलं. आधी तिकडून लांब दांडीने सुळी पाडली. ती शिडीवर आदळली तेव्हा सगळा टॉवर घंटेसारखा वाजला. दादा गाडीतून उतरून उभा होता. त्याने त्या आवाजाकडे पाहिलं, मग वहिनीकडे, आणि काखेतली बॅटरी काढून मुकाट्याने तिच्या हातात दिली. गरम होती.

तो चढला. चकत्यांची नवी माळ बसवली. वहिनी खाली उभी राहून पाहत होती, हात बाह्यांत, तोंड मिटलेलं. काम झाल्यावर मुकादमाच्या वॉकीटॉकीवर दादाचा आवाज आला.

"खाली उतरायची वाट सांगा."

मुकादम सांगायला तोंड उघडणार तोच पुन्हा आवाज आला. "तुम्ही नको. तिला द्या. कुठली बाजू मोकळी आहे ते तिने बघितलंय."

मुकादमाने वॉकीटॉकी दोन्ही हातांनी वहिनीपुढे धरला. बाबांनी टोळीतल्या एकेकाला कोपराने ढोसायला सुरुवात केली होती. वहिनीने बटण दाबलं.

"उन्हाकडून या," ती म्हणाली. "आणि घाई करू नका. मी आहे खाली."