मिस्त्रींची पाठ

मिस्त्रींनी बसवलेल्या फरशीवर पाणी ओतलं की ते मुकाट जाळीकडे जायचं, वाटेत कुठे रेंगाळायचं नाही. सहा वर्षांपूर्वी फरशांचा खोका उचलताना त्यांच्या कमरेत लचक भरली आणि बायकोने त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपायला घेतलं. चप्पल तीच पायाशी सरकवायची, बादली तीच उचलायची. ते जरा वाकले की आतून हाक यायची, “अहो, जपून!”

फरशीचं काम सुटलं; मिस्त्री एका गोदामाच्या दारात खुर्ची टाकून गाड्यांची नोंद करू लागले. एक्स-रेच्या फोटोत काही दिसत नाही, असं डॉक्टर म्हणायचे. दुखणं मात्र हटेना.

शेवटी मुलीने नव्या घराचं निमित्त काढलं. “बाबा, स्वयंपाकघराची फरशी तुम्हीच बसवायची. तोवर मी नुसत्या सिमेंटवर दिवस काढीन.” मग कुठे ते नव्या तपासणीला तयार झाले.

फिजिओथेरपीच्या खोलीत एका तरुण थेरपिस्टने त्यांच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना बटणाएवढ्या चिकटपट्ट्या लावल्या, तारा यंत्राला जोडल्या. पडद्यावर दोन हिरव्या रेघा धावू लागल्या.

“काका, स्नायू काम करताना बारीकशी वीज सोडतो. जितका ताण, तितकी रेघ वर. माणूस पूर्ण वाकला की पाठीचे स्नायू एरवी सुट्टी घेतात, रेघ आडवी पडते. वाका बघू.”

“अहो, जपून!” स्टुलावरून बायको म्हणाली.

मिस्त्री अजून वाकलेही नव्हते, पण रेघा ताडकन उसळल्या. ते पार खाली गेले तरी त्या उतरायचं नाव घेईनात. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. आधी “जपून”, मग उसळी, मग वाकणं.

थेरपिस्ट जरा घुटमळली. “काकू, एकदा काही न बोलता बसाल?”

“म्हणजे माझ्यामुळे दुखतं का यांचं?”

“तसं नाही हो. दुखणं खरंच आहे. पण पाठ अजून जुन्या भीतीने पहारा देतेय, आणि...”

“आणि मी शिट्टी वाजवतेय.”

मिस्त्री हसले. बायकोला हसू आलं नाही. तिने ओठ घट्ट मिटले. ते वाकले. रेघा उसळल्या, डळमळल्या आणि तळाशी चार क्षण जवळजवळ आडव्या झाल्या.

“बघा! आठवड्यातून दोनदा या, रेघेकडे बघत सैल सोडायला शिकवते. हळूहळू जमेल.”

रस्त्यावर मिस्त्री झपझप चालत होते. “लेव्हल, थापी, रबरी हातोडा, सगळं आजच माळ्यावरून काढतो.”

बायको मागे पडली. “माळ्यावर नाहीये.”

“मग?”

“तुमच्या कामावरच्या जोडीदाराला देऊन टाकलं. तीन वर्षं झाली. म्हटलं, समोर दिसलं की हात शिवशिवतील, आणि पुन्हा कंबर...”

मिस्त्री थांबले. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“त्या हातोड्याचा दांडा माझ्या बापाने तासला होता,” ते म्हणाले. “विचारायचंस तरी.”

“चुकलंच माझं. परत मागून आणू?”

“नको. एव्हाना तो दांडा त्याच्या हाताला बसला असेल.”